खोल पाण्यांतील मासेमारीसाठीं विजेचें रीळ : निवड कशी करावी

बैल, बियाणें, खतें व पाण्याचे पंप यांविषयीं आम्ही या पानांतून नेहमीं लिहितों. मासे धरण्याच्या यंत्राविषयीं लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तथापि किनाऱ्यालगतच्या तालुक्यांतील ज्या जमीनधारकांचा पैसा भातखाचरें व आंब्याच्या कलमांबरोबर एखाद्या नौकेच्या भागीदारींतही गुंतलेला आहे, त्यांच्यापुढें विजेवर चालणाऱ्या रिळाचीं रंगीत जाहिरातपत्रकें येऊन पडूं लागलीं आहेत. यंत्र महाग, परदेशी, आणि तें खाऱ्या पाण्यांत वापरावयाचें. निवड चुकली तर दुरुस्ती करणारा जवळपास मिळत नाहीं. म्हणून तें निवडतांना काय पाहावें, आणि मुळांत तें घ्यावें कीं नाहीं, याचा विचार शेतकऱ्यास परिचित अशा हिशेबानें येथें करूं.

रीळ म्हणजे गळाची दोरी गुंडाळून ठेवणारी फिरकी. साध्या रिळाचा दांडा हातानें फिरवावा लागतो. विजेच्या रिळांत फिरकीच्या पोटांत किंवा तिच्या बाजूस मोटर बसविलेली असते. ती बॅटरीवर चालते व दोरी वर ओढते. दोरी खालीं नेण्याचें काम मात्र मोटर करीत नाहीं, तें शिशाचें वजन करतें. रहाट हातानें ओढण्याऐवजीं विहिरीवर यंत्र बसवावें, इतकाच हा फरक आहे. विहिरीवर पंप बसवितांना आपण प्रथम पाणी किती परसांवर आहे तें पाहतों. त्याचप्रमाणें येथेंही पहिला प्रश्न कोणत्या कंपनीचें रीळ हा नसून मासा किती खोल आहे हा आहे. हा प्रश्न सोडून जो दुकानांत शिरतो तो बहुधा गरजेपेक्षां मोठें किंवा अगदींच अपुरें यंत्र घेऊन बाहेर पडतो.

ज्या पाण्यांत हें यंत्र वाढलें तें पाणी फार खोल आहे. जपानांत इझू द्वीपकल्पावर शिमोदा नांवाचें बंदर आहे. किनमेदाई या तांबड्या, मोठ्या डोळ्यांच्या माशासाठीं तें प्रसिद्ध आहे. हा मासा २०० मीटरपासून ८०० मीटरपर्यंतच्या काळोख्या पाण्यांत मिळतो. त्या बाजूस समुद्रतळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, त्यामुळें लहान नौकाही सकाळीं निघून अशा पाण्यावर जाऊन परत येऊं शकते. शिमानो व डायवा या जपानी कंपन्यांचीं विजेचीं रिळें अशाच पाण्यासाठीं बनत आलीं. अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या सामुद्रधुनींत तलवारमासा रात्रीं वर येतो व दिवसा सुमारें १५०० ते १८०० फुटांवर जाऊन राहतो. या शतकाच्या आरंभापासून तेथें दिवसाच त्या खोलीवर गळ सोडण्याची रीत रूढ झाली, आणि तिच्याबरोबर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांतून कातलेलीं दांडगीं रिळेंही पुढें आलीं.

आमच्या वाचकांस आइसलंडचें उदाहरण अधिक उपयोगीं पडेल असें आम्हांस वाटतें. तेथें २००९ सालापासून लहान नौकांसाठीं उन्हाळी किनारी मासेमारीची वेगळी व्यवस्था आहे. तींत एका नौकेवर चारांहून अधिक गळ-यंत्रें लावतां येत नाहींत, एक फेरी १४ तासांहून लांबतां कामा नये, आणि दिवसाचा मालही ठरावीक वजनापुरताच आणावा लागतो. नौकेच्या कांठावर बसविलेलें संगणकी गळ-यंत्र शिसें तळास टेकलें हें आपणच ओळखतें, दोरी ठरावीक अंतर वरखालीं हलवितें, आणि मासा लागून वजन वाढलें कीं ओढूं लागतें. एकटा माणूस अशीं तीन-चार यंत्रें सांभाळतो. जाळें नाहीं, समुद्रतळ खरडणें नाहीं; एकेक मासा गळावर येतो व ताजा असतांच साफ होऊन बर्फांत जातो. येथें विजेचें रीळ हा श्रीमंतांचा खेळ नसून एकट्या माणसाचा बिनपगारी गडी आहे.

खेळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. गळाच्या खेळांतील मंडळींना हें रीळ मान्य नाहीं. १९३९ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नियमांप्रमाणें यांत्रिक शक्तीनें ओढलेला मासा विक्रमांत धरला जात नाहीं. ज्याला मासा बाजारांत विकावयाचा आहे त्याला या नियमाचें सुखदुःख असण्याचें कारण नाहीं.

आतां खोलीचा हिशेब मांडूं. चांगला गडी वजन लागलेली दोरी हातरिळानें सेकंदास सुमारें अर्धा मीटर ओढतो असें धरूं, आणि विजेचें रीळ सेकंदास २ मीटर. ४०० मीटरांवरून एक खेप वर आणण्यास गड्याला १३ मिनिटें २० सेकंद लागतील, यंत्रास ३ मिनिटें २० सेकंद. एका खेपेस १० मिनिटें वांचलीं. दिवसांत २० खेपा केल्या तर ३ तास २० मिनिटें वांचलीं. शिवाय गड्याचे हात शाबूत राहिले. हाच हिशेब ४० मीटरांवर करूं. गड्यास ८० सेकंद, यंत्रास २० सेकंद. वांचलें एक मिनिट, वीस खेपांचीं वीस मिनिटें. तेवढ्यासाठीं रीळ, बॅटरी, केबल व चार्जर यांचा खर्च करणें म्हणजे चार हात खोल डबक्यावर मोठा पंप बसविण्यासारखें आहे.

कोंकणच्या वाचकानें येथें थांबून विचार करावा. मुंबईसमोर समुद्रतळ इतक्या संथ उतारानें खोल जातो कीं २०० मीटर खोलीची कड गांठण्यास सुमारें ३०० किलोमीटर जावें लागतें. दक्षिणेकडे जावें तसतसा हा उथळ पट्टा अरुंद होत जातो, तरीही खोल पाणी लहान होडीच्या टप्प्यांत येत नाहीं. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०० किलोमीटरवर आंग्रिया बँक हें बुडालेलें पोंवळ्यांचें पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्यास हें नांव पडलें. त्याच्या माथ्यावर वीसेक मीटर पाणी असून कडेपलीकडे मात्र तें खोल होत जातें. किनाऱ्याच्या आसपास सुरमई, घोळ किंवा हेकरू यांसाठीं गरवणाऱ्याचा गळ बहुधा पन्नास मीटरांच्या आंतच असतो. त्यास आमचा सल्ला असा कीं, विजेचें रीळ घेऊं नये; चांगलें हातरीळ व उत्तम दोरी घ्यावी आणि उरलेला पैसा बर्फाच्या पेटीवर खर्च करावा. ज्याची नौका दूरच्या कडेपर्यंत जाऊन रात्री काढते व दीडशें मीटरांखालीं गळ सोडते, त्यास मात्र हें यंत्र खरोखर उपयोगीं पडेल. मधल्या खोलीवर निर्णय खेपांच्या संख्येवर व ओढणाऱ्याच्या वयावर सोंपवावा.

खर्चाची फेड मोजतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खोल पाण्यांतील कित्येक जाती सावकाश वाढतात व उशिरां प्रजा देतात; न्यूझीलंडकडील ऑरेंज रफी नांवाचा मासा तर शंभर वर्षांहून अधिक जगतो. अशा ठिकाणीं पहिल्या हंगामांत मिळालेला माल दरसाल मिळेल असें गृहीत धरून कर्ज काढूं नये. तसेंच, कित्येक मासे खोलीवरून वर येतांच त्यांच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते व ते परत खालीं जाऊं शकत नाहींत. लहान मासा सोडून देऊं म्हटलें तरी तो पुष्कळदां पृष्ठभागावरच मरतो. म्हणून नको त्या आकाराचे मासे लागूं लागले तर जागाच बदलणें बरें.

रीळ घ्यावयाचें ठरलें म्हणजे त्याची शक्ति पाहावयाची. येथें पत्रकें वाचण्याची संवय लागते. जाहिरातींत अधिकतम ओढ इतके किलो आणि अधिकतम वेग इतके मीटर, असे दोन आकडे शेजारीं शेजारीं छापलेले असतात, आणि वाचणाऱ्यास वाटतें कीं दोन्ही एकाच वेळीं मिळतील. पंपाच्या पाटीवरील सर्वांत मोठी उंची व सर्वांत अधिक पाणी हीं एकाच वेळीं कधींही मिळत नाहींत, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. सर्वांत अधिक उंचीवर पाणी थेंबभर येतें, आणि पाणी भरपूर येतें तें उंची नसतांना. रिळाचेंही तसेंच आहे. अधिकतम ओढ ही मोटर थांबण्याच्या बेतास आलेली असतांना क्षणभर मिळते; अधिकतम वेग दोरीस कांहींही लागलेलें नसतांना मिळतो. कांहीं जपानी पत्रकांत सतत काम करतांना मिळणारी ओढ वेगळी दिलेली असते. विकत घेणाऱ्यानें तो आकडा पाहावा. तो नसेल तर विक्रेत्यास विचारावा, आणि उत्तर मिळालें नाहीं तर त्यावरूनही कांहीं समजून घ्यावें.

ओढ किती लागेल हें अजमावणें कठीण नाहीं. मासा पाण्यांत जवळजवळ भारहीन असतो. मोटरला त्याचें वजन उचलावें लागत नाहीं, तर त्याची धडपड आणि दोरीस होणारा पाण्याचा विरोध यांवर मात करावी लागते. शिशाचें वजनही पाण्यांत सुमारें अकराव्या हिश्शानें घटतें, म्हणजे ३ किलोचें शिसें २.७ किलोसारखें लागतें. सर्व मिळून ओढ १० किलो धरूं व वेग सेकंदास २ मीटर. या कामास निव्वळ सुमारें २०० वॅट, म्हणजे पाव अश्वशक्तीहून थोडी अधिक शक्ति पुरते. परंतु मोटर, गिअर व तारा यांत निम्मी वाया जाते असें धरून ४०० वॅट मोजावे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा प्रवाह ३३ अँपियर होतो. हा आकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें बॅटरी व केबल पाहतांना त्याचें काम पडेल.

फिरकीचा एक गुण पत्रकांत बहुधा लिहीत नाहींत. दोरी भरलेली असतांना फिरकीचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यास ३१ सेंटिमीटर दोरी येते. दोरी खोल सोडून व्यास ५ सेंटिमीटर उरला म्हणजे एका फेऱ्यास जेमतेम १६ सेंटिमीटर येते. म्हणजे मासा सर्वांत खोल असतांनाच रिळाचा वेग निम्मा होतो. त्याच वेळीं ओढ मात्र दुप्पट होते. यांत लाभ आहे तसा धोकाही आहे. रिळावर ठरावीक ताणापलीकडे फिरकी घसरून दोरी सुटूं देणारी एक चाप-योजना असते, तिला ड्रॅग म्हणतात. भरल्या फिरकीवर ड्रॅग ८ किलोंस लावला, तर अर्ध्या व्यासावर तो १६ किलोंस सुटेल. दोरी १५ किलोंची असेल तर ड्रॅग सुटण्यापूर्वीं दोरीच तुटेल, आणि मासा, गळ व दोनशें मीटर दोरी यांचा एकदमच निकाल लागेल. म्हणून ड्रॅग नेहमीं कमी व्यासावर मोजून लावावा.

दोरीविषयीं थोडक्यांत. नायलॉनची एकतारी दोरी ताणली असतां वीस टक्क्यांपर्यंत किंवा अधिकही लांबते. चारशें मीटरांवर हा ताण साठ-ऐशी मीटरांचा होतो. खालीं मासा गळास झोंबला तरी वर कांहींच कळत नाहीं. म्हणून खोल पाण्यास पॉलिएथिलीनच्या बळकट धाग्यांची विणलेली दोरीच घ्यावी. ती फार थोडी लांबते. ती बारीक असल्यामुळें समुद्राच्या प्रवाहाची ओढ तिला कमी लागते व कमी शिशानें तळ गांठतां येतो. जपानी दोरीस जाडीप्रमाणें अंक असतात. अंक वाढेल तशी जाडी वाढते, व सहा अंकाची दोरी सुमारें ०.४ मिलिमीटर असते. दर दहा मीटरांस तिचा रंग बदललेला असतो, ही सोय मोठी आहे. रिळावर मावणारी दोरी खोलीच्या दीडपट तरी असावी, कारण प्रवाहांत दोरी सरळ उतरत नाहीं, आणि तुटल्यावर उरलेल्या दोरीवर दिवस काढतां आला पाहिजे. ती पहिल्यानें गुंडाळतांना ओली करून चांगल्या ताणाखालीं गुंडाळावी. सैल गुंडाळलेली दोरी ओढ बसतांच खालच्या थरांत रुतते व ऐन वेळीं सुटत नाहीं.

रीळ उत्तम असूनही वीज नीट न मिळाल्यामुळें बरेंचसें काम बिघडतें. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणें एका खेपेस ३३ अँपियर ३ मिनिटें २० सेकंद लागतात, म्हणजे सुमारें १.८५ अँपियर-तास. वीस खेपांस ३७ अँपियर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून ७५ ते ८० अँपियर-तासांची बॅटरी घ्यावी. घरीं उभी असलेली ट्रॅक्टरची बॅटरी नौकेंत नेण्याचा मोह पुष्कळांस होईल. ती इंजिन सुरू करतांना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं बनविलेली असते. रोज हळूहळू खोलवर रिकामी होण्याचें काम तिच्यावर लादलें तर ती थोड्याच दिवसांत निकामी होते. या कामासाठीं वेगळ्या बनावटीच्या बॅटऱ्या मिळतात, त्याच घ्याव्या. लिथियमची बॅटरी हलकी असते, बहुतेक सर्व सांठा वापरूं देते व शेवटपर्यंत व्होल्ट टिकवून धरते. परंतु तिचा चार्जर वेगळा लागतो व किंमत पुष्कळ अधिक पडते. किती व्होल्टपर्यंत चालेल हें रिळावर लिहिलेलें असतें. त्यापलीकडे एक व्होल्टही जोडूं नये.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, नौकेचें इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर रीळ कधींही चालवूं नये. दिवसभर मासे ओढून संध्याकाळीं इंजिन सुरू होईना, आणि वारा पालटला, तर पकडलेल्या माशांची किंमत कोणी विचारणार नाहीं. रिळाची बॅटरी स्वतंत्र, तिचें बटण स्वतंत्र, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज, अशी व्यवस्था असावी.

केबलचा प्रश्न मोटरपंप बसविणाऱ्यास ओळखीचा आहे. बॅटरी रिळापासून ५ मीटरांवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून १० मीटर तांब्याची तार होते. ती १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर ३३ अँपियरवर जवळजवळ ४ व्होल्ट तारेंतच नाहींसे होतात. म्हणजे १२ पैकीं ८ व्होल्ट रिळास मिळाले; मोटर मंद झाली, तापूं लागली, आणि दोष मात्र रिळाच्या कंपनीस लागला. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेंत दीड व्होल्ट जातो, आणि १० चौरस मिलिमीटरच्या तारेंत अर्ध्याहून किंचित अधिक. शेतावर २३० व्होल्टमधून चार व्होल्ट गेले तर कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. बारांतून चार जाणें ही गोष्ट निराळी. दोनशें रुपये वांचविण्यासाठीं बारीक तार घेणाऱ्यानें रिळावर खर्च करूंच नये.

मोटर दोन प्रकारची असते. कार्बनचे ब्रश असलेली स्वस्त असते, व ब्रश झिजले तर ते बदलतां येतात. बिनब्रशची मोटर कमी झिजते व मंद वेगावरही चांगली ओढते, पण तिचा विद्युत्-भाग बिघडल्यास गांवांत दुरुस्ती होणार नाहीं. दोन्ही प्रकारांत एक पथ्य सारखेंच आहे. मासा जोरानें खालीं जात असतां मोटर पुऱ्या वेगावर ठेवून झगडूं नये. अडलेल्या मोटरमधून सर्वांत मोठा प्रवाह वाहतो व ती जळते. वेग कमी करावा, ड्रॅगला आपलें काम करूं द्यावें, मासा थकला कीं मग ओढावें.

दोरी किती मीटर गेली हें दाखविणारा मोजक आणि नौकेच्या कांठाजवळ येतांच मोटर आपोआप थांबविणारी योजना, या दोन सोयी आम्ही आवश्यक मानतों. दुसरी नसेल तर एक दिवस कडी काठीच्या टोकांत घुसून काठी मोडेल. बाकीच्या रंगीत पडद्यांस व संगीतमय सूचनांस किंमत मोजावी असें आम्हांस वाटत नाहीं. हाताचा दांडा मात्र असावा. कांहीं मोठ्या रिळांस तो नसतो, आणि बॅटरी संपल्यावर चारशें मीटर दोरी मुठींनीं ओढणें किंवा कापून टाकणें एवढेच मार्ग उरतात. चालू फिरकीजवळ बोटें नेऊं नयेत व बारीक दोरी हातास गुंडाळून धरूं नये. ती सुरीसारखी कापते, आणि मोटरला हात व मासा यांतील भेद कळत नाहीं.

घरीं आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेनें धुवावें. जोराचा फवारा मारूं नये, त्यानें मीठ आंत शिरतें. पाण्यांत बुडवूंही नये. नंतर पुसून सावलींत वाळवावें, ड्रॅग सैल करून ठेवावा, व तारेच्या जोडाच्या पितळी टोकांस ग्रीसचा पातळ हात द्यावा. पावसाळ्याचे चार महिने तें माळ्यावर कोंदट जागीं पडूं देऊं नये, आणि बॅटरी महिन्याकांठीं एकदां भरीत जावी.

पैसे देण्यापूर्वीं परीक्षा घेण्यास शेतकऱ्याजवळ दुकानदाराहून चांगली जागा आहे. रिळावर दोरी पुरी भरून तें विहिरीच्या कांठावर पक्कें बसवावें. ५ किलोंचें वजन बांधून तळाजवळ सोडावें व वर येण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळावर मोजावें. मग शेतांत बांधाच्या कडेनें तीनशें मीटर दोरी काढून पसरावी, फिरकीवर थोडीच उरली असतां ती तेथें बांधून टाकावी, व उरलेल्या दोरीवर वजन लावून तीच खेप पुन्हा करावी. हें चालू असतां दुसऱ्या माणसानें रिळाच्या जोडाशीं व्होल्टमापक धरावा. व्होल्ट अकराखालीं गेले तर दोष प्रथम तारेंत व बॅटरींत शोधावा. दहा खेपांनंतर रिळाच्या कवचावर हात ठेवून पाहावा. हात ठेववत नसेल तर तें यंत्र त्या ओढीसाठीं लहान आहे. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठीं बनलेलें रीळ स्वस्त मिळत असेल, तर त्याच्या पडद्यावरील लेखन जपानींत असेल व हमी बहुधा जपानापुरतीच असेल, हें आधीं ठाऊक असावें. सुटे भाग भारतांत कोण पुरवितो आणि किती दिवसांत, हें विक्रेत्याकडून पावतीवर लिहवून घ्यावें.